स्प्रेड बेटिंग : किती चुकलात, त्याचे पैसे

आयपीएलचा सीझन असो नाहीतर सबमिशनचा, हॉस्टेलमध्ये रात्री कुणाच्या ना कुणाच्या मोबाईलवर एक स्क्रीन हमखास दिसते. डावीकडे लाल चौकोनात एक आकडा, उजवीकडे निळ्या चौकोनात दुसरा. एकावर लिहिलेलं 'सेल', दुसऱ्यावर 'बाय'. सोबत ग्रुपवर कुणाच्या तरी नफ्याचा स्क्रीनशॉट फिरत असतो. हे दोन आकडे वेगळे का आणि 'एका पॉइंटला इतके' म्हणजे काय, असं विचारलं की उत्तर येतं, "अरे सिंपल आहे, वर गेलं की फायदा!"

या प्रकाराचं मूळ नाव स्प्रेड बेटिंग. त्याच्या पोटात थोडं गणित आहे, आणि ते आपल्याला एम-१ मध्ये येणाऱ्या गणितापेक्षा सोपं आहे. पण ते न करता पैसे लावणारे जगभर आहेत. म्हणून हा लेख. यात टिप्स नाहीत. फक्त फंडे क्लिअर करायचे आहेत. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झाल्यामुळे काही इंग्रजी शब्द तसेच ठेवले आहेत, तेवढं सांभाळून घ्यावं.

नाव एक, प्रकार दोन

पहिला गोंधळ इथेच होतो. अमेरिकेत ज्याला पॉइंट स्प्रेड म्हणतात तो एक प्रकार, आणि ब्रिटनमध्ये ज्याला स्प्रेड बेटिंग म्हणतात तो दुसरा. दोन्हीत 'स्प्रेड' आहे, पण पैशाचा हिशोब पूर्ण वेगळा आहे.

आधी अमेरिकेचा बघू. एक टीम तगडी आणि एक लिंबूटिंबू असेल तर 'कोण जिंकणार' यावर पैज लावण्यात मजा नाही, सगळे एकाच बाजूला जातात. त्यावर १९४० च्या दशकात एक उपाय रूढ झाला. त्याचं श्रेय चार्ल्स मॅकनील या माणसाला दिलं जातं. हा शिकागोचा, आणि काही काळ गणिताचा शिक्षक होता! उपाय असा, की तगड्या टीमला काल्पनिक वजन बांधायचं. समजा स्प्रेड साडेसात पॉइंटचा आहे. तगड्या टीमवर पैसे लावले असतील तर ती नुसती जिंकून चालत नाही, ८ किंवा जास्त पॉइंटने जिंकावी लागते. ७ पॉइंटने जिंकली तर टीम जिंकली आणि तुम्ही हरलात. तो अर्धा पॉइंट बरोबरी टाळण्यासाठी.

इथे बुकीचं पोट कसं भरतं? नेहमीचा दर असा, की १० डॉलर जिंकायला ११ डॉलर लावायचे. आता ब्रेक-इव्हन काढा. जिंकण्याची प्रोबॅबिलिटी p धरली, तर १०p = ११(१−p), म्हणजे p = ११/२१ = ५२.३८ टक्के. नाणं उडवून ५० टक्के बरोबर येणारा माणूस हळूहळू बुडतो. नुसतं बरोबरीत सुटायलाही दर १०० पैकी ५३ वेळा बरोबर यावं लागतं.

बुकीही कधी कधी सापडतो. जानेवारी १९७९ च्या सुपर बोलमध्ये पिट्सबर्गची टीम आधी साडेतीन पॉइंटने फेव्हरिट होती. तिच्यावर खूप पैसे आल्यामुळे बुकींनी स्प्रेड वाढवत साडेचारपर्यंत नेला. मॅच संपली ३५-३१. फरक बरोबर ४! सुरुवातीला पिट्सबर्गवर लावणारे जिंकले आणि शेवटी डॅलसवर लावणारेही जिंकले. बुकींना दोन्हीकडून पैसे द्यावे लागले.

पण याच पद्धतीची काळी बाजू १९५१ साली दिसली, आणि ती आपल्यासारख्या कॉलेजच्या पोरांची आहे. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजची बास्केटबॉल टीम १९५० साली देशातल्या दोन्ही मोठ्या स्पर्धा जिंकून हिरो झाली होती. पुढच्याच वर्षी तिच्यातल्या खेळाडूंना अटक झाली. सट्टेबाजांनी त्यांना सामना हरायला सांगितलं नव्हतं. फक्त स्प्रेडपेक्षा कमी फरकाने जिंका, एवढंच. "जिंकायचंच आहे, दोन-चार बास्केट कमी टाकल्या तर कुणाचं काय बिघडलं?" हा मोह किती साधा आहे बघा. प्रकरणात इतर कॉलेजेसचीही नावं आली आणि कित्येक पोरांचं करिअर विशी-बाविशीतच संपलं.

तरीसुद्धा पैज लावणाऱ्याच्या दृष्टीने या प्रकारात एक गोष्ट बरी. ११ डॉलर लावले तर जास्तीत जास्त ११ जातात. टीम १ पॉइंटने हरो की ५० ने.

ब्रिटिश प्रकार : दोन आकड्यांची गंमत

आता खरा विषय. ब्रिटिश स्प्रेड बेटिंगमध्ये 'बरोबर की चूक' एवढ्यावर पैसे मिळत नाहीत. किती बरोबर किंवा किती चूक, यावर मिळतात किंवा जातात.

दोन आकड्यांसाठी उदाहरण आपल्या जवळचं घेऊ. सेम संपली की आपण सेकंडहँड पुस्तकवाल्याकडे जातो. तो आपलं पुस्तक १०० रुपयांना घेतो आणि ज्युनिअरला १४० ला विकतो. मधले ४० त्याचे. त्या दोन भावांमधल्या अंतरालाच स्प्रेड म्हणतात. बेटिंग कंपनीही असेच दोन भाव सांगते. आकडा जास्त येईल असं वाटलं तर वरच्या भावाने 'बाय' करायचं, कमी येईल वाटलं तर खालच्या भावाने 'सेल'. आपल्याकडे नसलेली वस्तू विकायची कशी, हा प्रश्न मलाही पडला होता. इथे सेल म्हणजे फक्त 'कमी येईल' असं म्हणणं.

क्रिकेटवर लावून बघू. ब्रिटनमध्ये स्पोर्टिंग इंडेक्स ही कंपनी १९९२ पासून अशा खेळांच्या बेट्स घेऊ लागली. पुढच्या तीनही उदाहरणांतले स्कोअर खरे आहेत आणि तीनही नॉटिंगहॅमच्या ट्रेंट ब्रिज मैदानावरचे आहेत. भाव मात्र मी गणितासाठी धरलेले आहेत.

उदाहरण पहिलं. १९ जून २०१८, वन-डे. इंग्लंडच्या इनिंगचा भाव ३००–३१० धरू. 'अ' ने ३१० ला बाय केलं, एका रनला ५ पाउंड. 'ब' ने ३०० ला सेल केलं, तेवढ्याच पाउंडला. इंग्लंडने ऑस्ट्रेलियाला धुऊन काढलं, ६ बाद ४८१!

'अ' चा फायदा : (४८१ − ३१०) × ५ = ८५५ पाउंड.
'ब' चा तोटा : (४८१ − ३००) × ५ = ९०५ पाउंड.

फरकाचे ५० पाउंड कुठे गेले? कंपनीकडे. १० रनचा स्प्रेड गुणिले ५. मॅचमध्ये काहीही होवो, दोन्ही बाजू सारख्या असतील तर हे ५० पक्के.

उदाहरण दुसरं. ६ ऑगस्ट २०१५, ॲशेस टेस्ट. ऑस्ट्रेलियाच्या पहिल्या इनिंगचा भाव २८०–२९५ धरू. 'क' ने २९५ ला बाय केलं, पुन्हा ५ पाउंडला. स्टुअर्ट ब्रॉडने १५ रनमध्ये ८ विकेट काढल्या आणि ऑस्ट्रेलिया १८.३ ओव्हरमध्ये ६० ला ऑलआउट. लंचच्या आधीच 'क' चे २३५ × ५ = ११७५ पाउंड गेले. 'क' चा अंदाज मूर्खपणाचा होता का? अजिबात नाही. ऑस्ट्रेलिया ३०० करेल असं त्या सकाळी कुणीही म्हटलं असतं.

उदाहरण तिसरं माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. जुलै २०१३, पुन्हा ॲशेस. ऑस्ट्रेलियाचा अकरावा बॅट्समन ॲश्टन अगर, वय १९, पहिलीच टेस्ट. अकराव्या नंबरच्या रनचा भाव ७–९ धरू. 'ड' ला वाटलं, हे पोरगं काय खेळणार! त्याने ७ ला सेल केलं, एका रनला १० पाउंड. आता 'ड' चा जास्तीत जास्त फायदा किती? अगर शून्यावर आउट झाला तर ७० पाउंड. आणि तोटा? अगरने ९८ काढल्या. (९८ − ७) × १० = ९१० पाउंड गेले.

म्हणजे रन शून्याच्या खाली जात नाहीत, पण वर कितीही जाऊ शकतात. सेल करणाऱ्याला बऱ्याच वेळा छोटा छोटा फायदा होतो आणि एखाद्या दिवशी एकदम डोंगर कोसळतो. दहा वेळा जिंकलेल्या माणसाचा स्क्रीनशॉट बघताना हे लक्षात ठेवा. अकरावी वेळ अजून आलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो.

अशा बेट्स कशावरही निघतात. फुटबॉलमध्ये पहिला थ्रो-इन किती सेकंदांनी होणार, यावरसुद्धा! साउथॅम्प्टनचा स्टार खेळाडू मॅट ल टिसिए याने २००९ साली आपल्या आत्मचरित्रात कबूल केलं, की १९९५ च्या विम्बल्डनविरुद्धच्या मॅचमध्ये त्याने आणि साथीदारांनी बॉल लवकर बाहेर जाईल अशी बेट लावली होती. किकऑफनंतर त्याने बॉल बाहेर मारला, पण जोर कमी पडला आणि कटाची कल्पना नसलेल्या त्याच्याच टीममेटने तो आत ठेवला. जसजसे सेकंद जाऊ लागले तसतसा तोटा वाढणार होता. हा बिचारा बॉल बाहेर घालवायला वेड्यासारखा पळत सुटला. शेवटी सुमारे ७० सेकंदांनी बॉल बाहेर गेला आणि ना नफा ना तोटा, असं सुटलं. वाचायला विनोदी आहे, पण दर सेकंदाला मीटर पडणं म्हणजे काय ते यातून कळतं.

खेळाच्या मैदानातून बाजारात

गंमत म्हणजे हा प्रकार ब्रिटनमध्ये बाजारात आधी आला, खेळात नंतर. १९७० च्या दशकात तिथे परकीय चलनाचे नियम कडक होते आणि सामान्य माणसाला सोन्यात पैसे घालणं अवघड होतं. स्टुअर्ट व्हीलर नावाच्या गृहस्थाने १९७४ साली आयजी इंडेक्स ही कंपनी काढली. आयजी म्हणजे इन्व्हेस्टर्स गोल्ड. सोनं विकत घेऊच नका, त्याच्या भावावर पैज लावा, अशी आयडिया. पुढे सोन्यावरून शेअर इंडेक्स, करन्सी, तेल असं सगळंच आलं.

कायद्याच्या नजरेत ही पैज, म्हणून तिथे जिंकलेल्या पैशावर कॅपिटल गेन्स टॅक्स नाही, आणि शेअर विकत घेतच नसल्याने स्टॅम्प ड्यूटीही नाही. जाहिरातीत हे मोठ्या अक्षरात असतं. दुसरी बाजू अशी की तोटा झाला तर तो टॅक्समधून वजाही होत नाही. आणि १९८६ च्या फायनान्शियल सर्व्हिसेस ॲक्टपासून या बेटचं देणं कोर्टात वसूल करता येतं. 'पैज होती, सोडून दे' असं चालत नाही.

आता लिव्हरेज. लंडनच्या एफटीएसई १०० इंडेक्सचा भाव समजा ८,०००–८,००१ आहे. तुम्ही ८,००१ ला बाय केलं, एका पॉइंटला २ पाउंड. २ पाउंड ऐकायला वडापावसारखे वाटतात. पण प्रत्यक्षात तुम्ही ८,००१ × २ = १६,००२ पाउंडच्या वस्तूवर बसला आहात. सध्याच्या ब्रिटिश नियमाप्रमाणे मोठ्या इंडेक्सला ५ टक्के मार्जिन लागतं, म्हणजे खिशातून जातात फक्त ८०० पाउंड. इंडेक्स ४०० पॉइंट, म्हणजे ५ टक्के पडला, की तोटा ८०० पाउंड. इंडेक्स ५ टक्के पडला आणि तुमचे पैसे १०० टक्के गेले. तेवढं पडेपर्यंतही थांबत नाहीत. मार्जिन निम्म्यावर आलं की कंपनीने सौदा बंद करायचा, असा नियम आहे. मग दुसऱ्या दिवशी इंडेक्स परत वर आला तरी तुम्ही मैदानाबाहेर. अंथरूण पाहून पाय पसरावेत असं आजी म्हणायची, इथे अंथरूणच भाड्याचं आहे. आणि ते भाडं खरंच लागतं. सौदा रात्रभर ठेवला तर उधारीच्या रकमेवर रोजचं व्याज कापतात.

स्प्रेड १ पॉइंटचा आहे, तो किती किरकोळ वाटतो! पण दिवसात २० वेळा घेतलं-विकलं, तर १ × २ × २० = ४० पाउंड. तुमच्या ८०० च्या मार्जिनचे ५ टक्के, भाव जागचा हलला नाही तरी.

"पण मी स्टॉप-लॉस लावतो"

हे वाक्य प्रत्येक हुशार मुलगा म्हणतो. स्टॉप-लॉस म्हणजे भाव एका पातळीला आला की सौदा आपोआप बंद करा, अशी सूचना. रोजच्या दिवशी ती चालते. प्रश्न उरतो तो भाव पायऱ्या न उतरता गच्चीवरून उडी मारतो त्या दिवसाचा.

१५ जानेवारी २०१५ हा तो दिवस. एका युरोला १.२० स्विस फ्रँकपेक्षा कमी मिळू द्यायचे नाहीत, असं स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने २०११ पासून धरून ठेवलं होतं. त्या सकाळी तिने अचानक हात सोडला. काही मिनिटांत युरो १ फ्रँकच्याही खाली गेला. समजा कुणी १.२०१० ला युरो बाय केला होता, ०.०००१ ला ५ पाउंड, आणि स्टॉप १.१९९० ला. त्याच्या हिशोबात जास्तीत जास्त तोटा २० × ५ = १०० पाउंड. पण मधल्या भावांना घेणारा कुणी नव्हताच. सौदा समजा १.०२०० ला बंद झाला, तर १,८१० × ५ = ९,०५० पाउंड! असे कित्येक लोक खात्यातल्या पैशापेक्षा जास्त देणं लागले. लंडनची अल्पारी यूके ही कंपनी दिवाळखोरीत गेली आणि अमेरिकेच्या एफएक्ससीएमला तगून राहण्यासाठी ३० कोटी डॉलरचं कर्ज घ्यावं लागलं.

त्यानंतर नियम कडक झाले. २०१८ साली युरोपच्या बाजार नियंत्रकाने लिव्हरेजवर मर्यादा घातल्या. मुख्य करन्सीला ३० पट, मोठ्या इंडेक्स आणि सोन्याला २० पट, शेअर्सना ५ पट. खात्यात आहे त्यापेक्षा जास्त तोटा सामान्य ग्राहकावर येऊ नये, हेही बंधनकारक झालं. ब्रिटनने २०१९ साली हे नियम कायम केले आणि त्यात स्प्रेड बेट्सही आल्या. युरोपच्या नियंत्रकाने २०१८ सालीच आकडाही दिला होता. या जातीच्या सौद्यांमध्ये सामान्य ग्राहकांची ७४ ते ८९ टक्के खाती तोट्यात असतात. आता प्रत्येक कंपनीला स्वतःचा टक्का जाहिरातीत छापावा लागतो. सिगारेटच्या पाकिटासारखंच!

बहुतेक ग्राहक हरणार हे माहीत असेल, तर कंपनी त्यांच्या विरुद्ध बाजूला स्वतःच बसू शकते. मग तुमचा तोटा हीच तिची कमाई.

आपल्याकडे काय?

भावावर पैज लावणं आपल्याला नवीन नाही. मुंबईत एकेकाळी न्यूयॉर्कहून येणाऱ्या कापसाच्या उघडत्या आणि बंद भावांवर लोक पैसे लावायचे, त्यातूनच मटका जन्मला. आजचा सख्खा भाऊ म्हणजे डब्बा ट्रेडिंग. तुमची ऑर्डर एक्स्चेंजवर जातच नाही, डब्बावाला स्वतःच्या वहीत लिहितो आणि फरक रोखीत देतो-घेतो. हे बेकायदा आहे. ऑनलाइन पैशांच्या खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये बंदीचा कायदा केला. परदेशी कंपनीकडे मार्जिन भरायला भारतातून पैसे पाठवायला रिझर्व्ह बँकेची परवानगी नाही, आणि अनधिकृत फॉरेक्स ॲप्सची एक सावधान यादी बँक स्वतःच्या वेबसाइटवर ठेवते. त्या लाल-निळ्या चौकोनांपैकी बरीच ॲप्स याच जातीची. वर सांगितलेले २० पट, ३० पटचे नियम त्यांना लागू नसतात, ती ५०० पटसुद्धा देतात.

आमच्या विंगमधल्या एकाने असंच एका ॲपवर मेसचे पैसे घातले, साधारण १५० डॉलर. १० औंस सोन्याचा सौदा केला. म्हणजे सोनं १ डॉलर हललं की १० डॉलर इकडे-तिकडे. १५ डॉलर हललं की खेळ खलास. सोन्याला १५ डॉलर हलायला एक दुपार पुरते, आणि पुरली. घरी सांगायची हिंमत नव्हती. दोन महिने विंगमधल्या पोरांनी पाळीपाळीने त्याचा डबा भरला. त्याला मार्केट कळत नव्हतं असं नाही, सोनं वर जाईल हा त्याचा अंदाज आठवड्याने खरा ठरला. पण तोपर्यंत खातं रिकामं झालेलं होतं.

एक्स्चेंजवरचे फ्युचर्स-ऑप्शन्स मात्र कायदेशीर आहेत, दोन्हींची गल्लत करू नये. तिथे भाव सगळ्यांना दिसतो आणि पैसे मिळण्याची हमी क्लिअरिंग कॉर्पोरेशन घेते. पण लिव्हरेजचं गणित तेच. सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासात, आधीच्या तीन आर्थिक वर्षांत तिथे ट्रेड करणाऱ्या १ कोटीहून जास्त व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात निघाल्या. एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर.

व्हायवाचे तीन प्रश्न

कुणी ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकला, किंवा रूममेट "तू पण ये" म्हणाला, तर त्याला हे तीन प्रश्न विचारा.

१) एका पॉइंटला किती पैसे, आणि एकूण केवढ्या वस्तूवर तू बसला आहेस?
२) आजवरची सगळ्यात वाईट उडी आज पडली तर गुणाकार किती येतो?
३) समोर कोण बसलं आहे, आणि तू जिंकलास तर पैसे द्यायला त्याला कोण भाग पाडणार?

तिन्ही उत्तरं कागदावर लिहून घ्या, तोंडी नको. दुसऱ्या उत्तराचा आकडा मेसच्या महिन्याच्या बिलाने भागा. किती महिन्यांचं जेवण आहे ते कळेल. आणि कुणी आधीच अडकलं असेल, तर त्याने एकट्याने भरपाई करत बसू नये. तोटा भरून काढायला पॉइंटमागची रक्कम वाढवणं हा सगळ्यात महागडा उपाय आहे. रेक्टर सर किंवा मॅडमना सांगितलं तर ओरडा बसेल, तो सोसवेल.